महाडचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस

पाण्याची किंमत आम्हां मराठवाड्याच्या लोकांना कुणी सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घागरभर पाण्यासाठी माणसे तासन् तास रांगेत उभी राहिली.

पण तेव्हा पाणीच नव्हते. आता वेगळी गोष्ट ऐका. तळे भरलेले आहे. काठावर तहानलेला माणूस उभा आहे. आणि त्याला पाण्याला हात लावायची बंदी आहे! असे एक गाव होते. त्याचे नाव महाड. त्या गावच्या नगरपालिकेच्या एका अध्यक्षाची ही हकीकत आहे.

महाड हे गाव कोकणात, सावित्री नदीच्या काठी आहे. शिवाजी महाराजांचा रायगड किल्ला तिथून जवळच. शंभर वर्षांपूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते. नांदेडला आणि लातूरला तेव्हा निजामाचे राज्य होते. इंग्रजांच्या मुलखात मोठ्या गावांना नगरपालिका असत. रस्ते झाडावेत, दिवे लावावेत, पाण्याची सोय पाहावी, ही तिची कामे. ग्रामपंचायतीला जसा सरपंच, तसा नगरपालिकेला अध्यक्ष.

महाडात चवदार तळे नावाचे मोठे तळे आहे. ते सार्वजनिक होते. हिंदू तिथे पाणी भरत. मुसलमान भरत. गुरेढोरेही पाणी पीत. पण ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्या माणसांना तिथे मज्जाव होता. गुरांना मुभा आणि माणसाला बंदी! केवढा हा अन्याय!

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव आणला. सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो पास झाला. पण गावोगावच्या नगरपालिका गप्पच बसल्या. कोण वाईटपणा घेणार?

महाडात मात्र एक माणूस गप्प बसला नाही. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे त्यांचे नाव. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. ते जातीने कायस्थ प्रभू. म्हणजे वरच्या जातीचे. तळ्यावर पाणी भरायला त्यांना कुणाची अडकाठी नव्हती. मग दुसऱ्याच्या तहानेची काळजी त्यांनी का करावी? पण त्यांनी केली. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने ठराव केला, की चवदार तळे सर्वांना खुले आहे.

वाचकहो, ठराव झाला, म्हणजे काम झाले का? नाही. ठराव दप्तरात राहिला. गावातल्या वरच्या जातींचा विरोध होता. तीन वर्षे तळ्यावर कुणी अस्पृश्य माणूस जाऊ शकला नाही. कागदाने तहान भागत नाही.

मग १९२७ च्या मार्च महिन्यात महाडात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे आली. टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही वरच्या जातींची माणसेही त्यांच्या बाजूने उभी राहिली. आलेल्या लोकांना प्यायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. आणि भरलेले तळे त्याच गावात होते!

२० मार्चला बाबासाहेब निघाले. मागे लोक शिस्तीने रांग धरून चालले. बाबासाहेब तळ्यात उतरले. ओंजळीने पाणी प्याले. मग सगळे प्याले. नगरपालिकेचा ठराव त्या दिवशी खरा झाला.

पण पुढे काय झाले? ही माणसे आता देवळात शिरणार, अशी कुणीतरी आवई उठवली. जमाव चालून आला. परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. आणि १९२७ च्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. ज्या हाताने दार उघडले, त्याच हाताने लावले! तळे खाजगी आहे, असा दावाही काही लोकांनी कोर्टात लावला. तो नऊ वर्षांहून जास्त चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांचा हक्क खरा ठरला.

सुरबानाना मात्र मागे हटले नाहीत. जातभाईंचा रोष झाला, तरी त्यांनी बाबासाहेबांची साथ सोडली नाही. १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. लोकांनी त्यांना ‘दलितमित्र’ म्हटले.

पुढे देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. सार्वजनिक विहिरी, तळी, घाट, रस्ते सर्वांना खुले आहेत, असे १५ व्या कलमात लिहिले आहे. महाडच्या ठरावात जे होते, ते आता साऱ्या देशाचा कायदा आहे.

इथे आम्ही आमचीही एक चूक सांगतो. आम्ही नवे मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. शाळेत पाण्याचा रांजण होता. काही मुलांना त्यात तांब्या बुडवता येत नसे. दुसऱ्याने वरून पाणी ओतायचे आणि त्यांनी ओंजळीने प्यायचे. कायदा आम्हाला पाठ होता. तरी गावाच्या भीतीने काही महिने आम्ही बोललो नाही. मग एके दिवशी त्यांतल्याच एका मुलाच्या हातात आम्ही तांब्या दिला आणि त्याने ओतलेले पाणी सगळ्यांसमोर प्यालो. चार दिवस कुरकुर झाली आणि थांबली. ते आधी का केले नाही, याची लाज आम्हाला आजही वाटते.

सुरबानानांच्या हकीकतीतून काय घ्यायचे? अधिकार हातात असला, तर माणसाने दार उघडावे. पण नुसते दार उघडून भागत नाही. आत जाणाऱ्याबरोबर उभे राहावे लागते. आणि उघडलेले दार कुणी परत लावत नाही ना, यावर नजर ठेवावी लागते.

हे काम आता तुमचेही आहे. तुम्ही वाचायला शिकलात. पुढच्या ग्रामसभेला जा. ठरावाची वही मागून वाचा. गेल्या वर्षी काय ठरले ते पाहा. नळ कुठे बसला, कुणाच्या वस्तीवर बसला नाही, ते विचारा. वहीतले पाणी घागरीत आले, तरच ठराव खरा.