टोमॅटोचे झाड कुठे थांबते?

टोमॅटोच्या रोपांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक, आधार मिळेल तसा वाढतच राहणारा. काठी किंवा तार दिली तर तो माणसाच्या उंचीच्याही वर जातो. दुसरा कमरेच्या आतच थांबणारा, झुडपी. शाळेच्या व्हरांड्यात किंवा गच्चीवर कुंडीत लावायचा तर दुसराच सोयीचा. पण झाड ‘थांबते’ म्हणजे नेमके काय होते?

रोपाला साधारण ८ ते १२ पाने आली, की खोडाच्या शेंड्याचाच फुलोरा बनतो. म्हणजे खोडाची वाढ खरे तर तिथेच संपते! मात्र फुलोऱ्याच्या लगेच खालच्या पानाच्या बगलेतील कळी जोमाने वाढते, फुलोऱ्याला बाजूला सारते आणि खोडाची जागा घेते. तिला सुमारे ३ पाने येतात आणि तिच्याही शेंड्याचा फुलोरा होतो. मग पुढची कळी. आपल्याला जे एकसंध खोड वाटते, ती अशा तुकड्यांची साखळी असते. उंच वाढणाऱ्या जातीत ही साखळी तुटत नाही.

१९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एक वेगळे रोप आढळले. नैसर्गिक उत्परिवर्तनामुळे त्याची साखळी आपोआप संपत होती. अशा रोपात दोन फुलोऱ्यांमधील पाने ३ वरून २, १ अशी घटत जातात, शेवटी फुलोऱ्यापाठोपाठ फुलोराच येतो आणि वाढ थांबते. यामागचे जनुक इस्रायलमधील संशोधकांनी १९९८ मध्ये ओळखले. त्यापासून बनणारे प्रथिन फुलोरा लांबणीवर टाकते. ते निकामी झाले की फुलोरे लवकर येतात. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील या दोन्ही रोपांकडून आला तरच तो दिसतो. फळे जवळजवळ एकाच वेळी पिकत असल्याने यंत्राने तोडणी करण्यासाठी हीच झाडे उपयोगी पडली. आपल्याकडील ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ व ‘पुसा गौरव’ या जाती याच प्रकारच्या.

ही रचना समजली नाही तर नुकसान होते. ‘बगलेतले फुटवे खुडा’ हा सल्ला उंच जातीसाठी योग्य आहे. झुडपी जातीत मुख्य खोड लवकर थांबते, त्यामुळे बरीचशी फळे त्या फुटव्यांवरच धरतात. फुटवे खुडणे म्हणजे पीकच खुडणे.

लागवडीसाठी १० ते १२ लिटरची, तळाला छिद्रे असलेली कुंडी किंवा जुनी बादली घ्यावी. माती व चांगले कुजलेले शेणखत भरून ती दिवसाचे किमान ६ तास ऊन मिळेल अशी ठेवावी. सप्टेंबरअखेर बी पेरून २५-३० दिवसांनी रोप कुंडीत लावले, तर डिसेंबर-जानेवारीत फळे मिळू लागतात. म्हणजे दुसऱ्या सत्रात निरीक्षण पूर्ण होते. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला, की परागकण नीट बनत नाहीत आणि फुले गळतात.

कुंडीतील माती लवकर सुकते. एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी चिखल असे झाले, की फळाच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडतो. हा रोग नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते आणि मुख्यतः पानांकडे जाते. पाण्याचा पुरवठा अनियमित झाला, की फळाच्या टोकाला ते पुरत नाही. म्हणून मातीत कॅल्शियम घालण्याआधी पाण्याच्या वेळा पाहाव्यात.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग. जातीचे नाव न सांगता दोन्ही प्रकारची रोपे वाढवा. विद्यार्थ्यांनी लागोपाठच्या फुलोऱ्यांमधील पाने मोजून तक्ता करावा आणि कोणते रोप थांबणार ते आधीच सांगावे. मग झुडपी रोपांपैकी निम्म्यांचे फुटवे खुडून, उरलेल्यांचे तसेच ठेवून फळांचे वजन करावे. फुटवे खुडावेत की नाही, याचे उत्तर तराजूच देईल.