कण्यावरील शस्त्रक्रिया : छेद आणि विवेक

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील मिठागरे, पश्चिमेला समुद्रालगतची उत्तनची कोळी वस्ती, भाईंदर पूर्वेचे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि या साऱ्यांच्या मधून चर्चगेटकडे जाणारा लोहमार्ग, असा ज्या शहराचा पसारा आहे, त्या मीरा-भाईंदरमध्ये माणसाची पाठ ही घराच्या मिळकतीची पहिली बाब आहे. पत्र्याचे गठ्ठे उचलणारा कामगार, बर्फाच्या पेट्या ओढणारी कोळीण, पहाटेच्या लोकलमध्ये दाटीवाटीने उभा राहून अंधेरी-दादर गाठणारा कारकून आणि रात्रपाळीला रिक्षा हाकणारा चालक या सर्वांचे पोट शेवटी कण्याच्या भरवशावर चालते. आणि म्हणूनच कंबरेतून निघून मांडी, पोटरी व पावलापर्यंत उतरणारी ती चमक जेव्हा पहिल्याने येते, तेव्हा तिच्याबरोबर पुढच्या महिन्याच्या पगाराची काळजीही घरात शिरते.

मग सल्ल्यांना तोटा राहत नाही. कुणी पट्टा बांधायला सांगतो, कुणी वजन लावायला, कुणी नस बसवून देणाऱ्याचा पत्ता देतो. आणि शस्त्रक्रियेचे नाव निघताच दोन परस्परविरोधी मते समोर येतात. मणक्याला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, हे पहिले मत; आणि आता सारे दुर्बिणीने होते, टाकाही पडत नाही, आज दाखल व्हावे आणि उद्या घरी यावे, हे दुसरे. पहिल्या मताला एकेकाळी आधार होता, दुसऱ्यातही तथ्यांश आहे. पण दोन्हींनी रुग्णाची दिशाभूल होते, कारण छेद किती लांबीचा आहे यावर फारच थोडे अवलंबून असते आणि तो घ्यावा की न घ्यावा, कोठे घ्यावा व केव्हा घ्यावा यावर जवळजवळ सर्व काही.

कण्याची रचना थोडक्यात ध्यानात घेतल्यावाचून हा निर्णय कळायचा नाही. मानेत सात, छातीच्या पाठीमागे बारा आणि कंबरेत पाच अशा चोवीस सुट्या कशेरुका, त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड, आणि दर दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी. मानेतील वरच्या दोन मणक्यांमध्ये मात्र ती नसते. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असते व आतला गाभा मऊ, पाणीदार असतो. मणक्यांच्या पाठीमागील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि प्रौढ माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. तेथून खाली केवळ नसांचा झुपका असतो. कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर, जेथे विकार सर्वांत जास्त आढळतो, शस्त्र चालवताना मज्जारज्जू त्या जागी मुळी नसतोच, ही बाब जर प्रत्येक रुग्णाला आरंभीच नीट समजावून सांगितली, तर निम्मी भीती तेथेच ओसरेल असे मला वाटते. मानेच्या व छातीच्या भागातील कथा अर्थातच निराळी आहे आणि तेथे जोखीमही अधिक.

गादीचे कडे फाटून गाभ्याचा तुकडा मागे सरकला आणि नसेच्या मुळाला टेकला, की पायातील कळ सुरू होते. लोक तिला सायटिका म्हणतात. पण सरकलेला तुकडा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप आक्रसतो, सूज उतरते आणि शस्त्राविना रुग्ण बरा होतो. या काळात वेदनाशामक औषधे, चालणेफिरणे आणि फिजिओथेरपिस्टने नेमून दिलेला व्यायाम पुरतो. अंथरुणात पडून राहण्याचा जुना रिवाज तर आता बाद ठरला आहे. हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरवर्गावर झालेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अचानक कंबर धरलेल्या ज्या लोकांनी सोसवेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवले, ते सक्तीची विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले.

एमआरआयच्या अहवालासंबंधी येथेच खुलासा करणे भाग आहे, कारण आमच्याकडे रुग्ण स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्या कागदाला अधिक भितो. गॅप आली आहे, गादी फुगली आहे, नस दबली आहे, असे शब्द वाचून धडधाकट माणूसही चालताना बिचकू लागतो. 1994 साली अमेरिकेत, ज्यांची पाठ कधी तक्रारीइतकी दुखली नव्हती अशा 98 जणांचे एमआरआय काढण्यात आले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या कण्यात कोठे ना कोठे फुगलेली गादी आढळली आणि चतुर्थांशाहून अधिकांच्या गादीचा भाग बाहेर डोकावत होता. म्हणजे चित्रातील दोष हा दस्तऐवजातील एक नोंद झाली. तिची रुजवात रुग्णाच्या कैफियतीशी आणि वैद्याच्या बोटांनी केलेल्या तपासणीशी पटल्याखेरीज तिच्या बळावर शस्त्रक्रियेचा हुकूम निघू नये. कळ डाव्या पायात, अंगठा उचलताना अशक्तपणा डाव्या पावलात आणि चित्रातील तुकडाही डाव्या बाजूच्या त्याच नसेवर, असा तिन्हींचा मेळ बसला तरच शल्यवैद्याचा हात पुढे यावा.

गादी आणि पायातील कळ यांचा हा संबंध 1934 साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या दोन शल्यवैद्यांनी जगापुढे मांडला. त्यापूर्वीही तुकडे काढले गेले होते, पण ते काढणारे त्यांना कूर्चेची गाठ समजत. त्यानंतरची चाळीसएक वर्षे शस्त्रक्रिया होत त्या मोठा छेद घेऊन, स्नायू हाडापासून दूर सोलून. आणि त्या सोललेल्या स्नायूंचे दुखणे कित्येकांना मूळ दुखण्याइतकेच छळत असे. मणक्याच्या शस्त्रक्रियेबद्दलचा धसका त्या काळाची देणगी आहे. 1977 च्या सुमारास झुरिकचे गाझी याशारगिल आणि जर्मनीतील वोल्फहार्ड कास्पार यांनी या कामी सूक्ष्मदर्शक आणला व छेद इंचभरावर आला. 1997 मध्ये केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी स्नायू न कापता त्यांच्या तंतूंमधून नळी घालण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, जपानमधील हिजिकाता आणि अमेरिकेतील परविझ काम्बिन यांनी 1970 च्या दशकात बाजूने, सुईच्या वाटेने गादीपर्यंत जाण्याचा जो मार्ग शोधला होता, त्यावर सुधारित दुर्बीण चालू लागली.

नळीची शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. रुग्णाला भूल देऊन पालथे निजवतात, तेही अशा चौकटीवर की पोट खाली मोकळे लोंबते. पोटावर दाब पडला तर कण्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. त्यानंतर क्ष-किरणाच्या पडद्यावर पाहून मणक्याची पातळी निश्चित करतात. ही पायरी दिसायला साधी असली तरी हिच्यात चूक झाली तर शस्त्रक्रिया निर्दोष पार पडूनही ती भलत्याच जागी झालेली असते. मग पाऊण इंचाचा छेद, त्यातून एक बारीक नळी, तिच्यावरून किंचित मोठी, तिच्यावरून आणखी मोठी, अशा रीतीने स्नायू बाजूला सारत शेवटी अठरा-वीस मिलिमीटर रुंदीची नळी बसवून आतल्या सर्व काढून घेतात. सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशात हाडाची कड दिसते. ती थोडी कोरली की पिवळसर अस्थिबंध लागतो, आणि तो उघडला की ताणलेली, लालसर नस. तिला अलगद मध्याकडे सारल्यावर खाली तो तुकडा सापडतो. शल्यवैद्य त्याची तुलना खेकड्याच्या पांढऱ्या मांसाशी करतात आणि उत्तनच्या कोणाही माणसाला ती लगेच पटेल. चिमट्याने तो निघाला की नस सैल पडते. कित्येक रुग्ण शुद्धीवर येताच पायातील कळ गेल्याचे सांगतात आणि त्याच सायंकाळी आधाराने उभे राहून चालतात. बधिरपणा मात्र सावकाश, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जातो, आणि कधी थोडा उरतोही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद आणखी लहान, आठ मिलिमीटरच्या आसपास. कंबरेच्या बाजूने जाणाऱ्या वाटेवर ती पुष्कळदा केवळ जागा बधिर करून करता येते आणि रुग्ण जागा असतो. हत्यार नसेच्या फार जवळ गेले तर तो तत्काळ सांगू शकतो, हा मोठाच लाभ. हृदयविकाराच्या वा वयोवृद्ध रुग्णाला पूर्ण भुलेचा धोका टळतो तो वेगळाच. परंतु हे काम शिकायला वर्षे लागतात, दृष्टिक्षेत्र अरुंद असते आणि वर सरकलेला वा कडक झालेला तुकडा कधी हाती लागत नाही. नसांभोवतीचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग, नसेला इजा आणि काही काळाने त्याच जागी पुन्हा तुकडा सरकणे, ही संकटे छेद लहान केल्याने नाहीशी होत नाहीत.

याबाबत हॉलंडमधील दोन प्रयोगांचे दाखले मला फार मोलाचे वाटतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्यात, दीड ते तीन महिने सायटिकाने जेरीस आलेल्या 283 रुग्णांपैकी काहींवर लगेच शस्त्रक्रिया केली व इतरांना थांबवले. शस्त्रक्रिया झालेले लवकर बरे झाले, हे खरे. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांची प्रकृती जवळजवळ सारखी होती. मात्र थांबवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. 2009 च्या दुसऱ्या प्रयोगात 328 रुग्णांत नळीची आणि सूक्ष्मदर्शकाची नेहमीची रीत यांची तुलना झाली, तेव्हा नळीची रीत सरस ठरली नाही. उलट दुखण्याच्या बाबतीत किंचित मागेच पडली. म्हणून ज्या शल्यवैद्याचा हात ज्या रीतीवर बसला आहे, ती रीत रुग्णाला हितकर, असे माझे स्पष्ट मत आहे. जो महिनाभर घरी बसून राहू शकतो त्याने थांबावे आणि ज्याची रोजी बुडते आहे त्याने लवकर मोकळे व्हावे, असाही निर्णय वैद्यकदृष्ट्या रास्त ठरू शकतो, आणि तो रुग्णाच्या मुखातून यावा.

मणके एकमेकांवरून सरकले किंवा अस्थिर झाले तर ते स्क्रू व सळया घालून जोडावे लागतात. गादीच्या जागी हाड बसवून पाठीमागून मणके सांधण्याची रीत राल्फ क्लोवर्ड यांनी 1940 च्या दशकात होनोलुलूत चालवली. आपल्याकडे ती रुजवण्याचे श्रेय ज्यांना जाते, ते डॉ. प्रेमानंद रामाणी मूळचे गोव्याचे, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकलेले आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात काम केलेले. ‘ताठ कणा’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. पालिकेच्या रुग्णालयातून, जेथे वसई-भाईंदरपासूनचे गोरगरीब येत, ही विद्या पुढे गेली याचे महत्त्व मोठे आहे. आता हे स्क्रूही त्वचेतील बारीक छिद्रांतून, क्ष-किरणांच्या साहाय्याने बसवता येतात. पण म्हातारपणी अरुंद झालेल्या पोकळीमुळे चार पावले चालताच पाय भरून येणाऱ्यांच्या बाबतीत, पोकळी मोकळी करण्यापलीकडे मणके जोडल्याने सरसकट अधिक फायदा होत नाही, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील प्रयोगात दिसून आले. स्क्रूंचा खर्च लाखाच्या घरात जातो, तेव्हा ते कशासाठी, हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा.

आपल्या प्रदेशात आणखी एक विकार विसरून चालत नाही, आणि तो म्हणजे मणक्याचा क्षय. पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये त्याचे वर्णन केले आणि दाट वस्तीच्या मुंबई-ठाणे परिसरात तो आजही आढळतो. रात्री वाढणारी पाठदुखी, सायंकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, अशी लक्षणे असलेल्या माणसाच्या पाठीला गादीचे दुखणे समजून महिनोन्महिने शेक देत बसणे घातक आहे. हाँगकाँगचे हॉजसन यांनी 1956 च्या सुमारास रोगट हाड समोरून काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया प्रचारात आणली; परंतु वाराणसीचे डॉ. तुली यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्यममार्गात दाखवून दिले, की बहुसंख्य रुग्ण निव्वळ औषधांनी बरे होतात आणि सुरी फक्त पक्षाघात न हटणाऱ्या, पू साठलेल्या वा कणा वाकत चाललेल्या रुग्णांसाठी राखून ठेवावी. ही औषधे सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात. पण ती वर्षभर वा त्याहून अधिक काळ, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात.

आता ज्या प्रसंगी क्षणभरही थांबू नये ते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बसण्याच्या जागी व जांघेत बधिरता येणे, पाऊल लोळू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. नसांचा झुपका दबलेला असेल तर काही तासांचा विलंबही कायमचे व्यंग ठेवून जातो. मानेचा विकार याहून कपटी, कारण तो बहुधा फारसे न दुखवता येतो: सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, आणि घरचे लोक ते वयावर घालतात. तेथे मज्जारज्जूच दबत असतो आणि गेलेली शक्ती पुष्कळदा परतत नाही.

2002 साली महानगरपालिका झालेल्या आणि 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या या शहरातील माणसाला अशा वेळी एकेकाळी परळ किंवा शीवच गाठावे लागे. आज मीरा रोडच्या भक्तिवेदांत आणि वोक्हार्ट या रुग्णालयांत मणक्याच्या शस्त्रक्रिया होतात. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी सरकारी योजना आपल्या दुखण्याला व निवडलेल्या रुग्णालयाला लागू आहे की नाही, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच शिधापत्रिका घेऊन करावी. संमतिपत्रावर सही करण्याआधी कोणती नस, कोणती पातळी, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल आणि अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, एवढे शल्यवैद्याला विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. जाणता वैद्य या प्रश्नांनी कधी दुखावत नाही. आणि घरी परतल्यावर कारखान्याच्या मालकाशीही बोलणे भाग असते, कारण बैठे काम करणारा दोन-चार आठवड्यांत कचेरीत रुजू होऊ शकला, तरी पत्र्याचे गठ्ठे उचलणाऱ्याला पुरते बरे होण्यास दीड ते तीन महिने द्यावे लागतात, आणि तेवढ्या मुदतीसाठी हलक्या कामाचा दाखला वैद्याने आपण होऊन लिहून द्यावा.