एकाचा कागद, दुसऱ्याची नजर

पोलीस, सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि न्यायालय यांच्यात समन्वय नाही, ही तक्रार खरी आहे. पण समन्वय नेमका कशात हवा, हे ठरवल्याशिवाय तो मागणे धोक्याचे आहे. सातारा जिल्ह्यात वाईजवळ धोम येथे ऑगस्ट 2016मध्ये पुरलेले मृतदेह उकरून काढले गेले आणि 2003पासून सहा खून केल्याचा आरोप एका माणसावर आला. त्या 13 वर्षांत माणसे एकेक करून नाहीशी होत गेली. त्यांना जोडणारा धागा उघड व्हायला एक अंगणवाडी कार्यकर्ती बेपत्ता व्हावी लागली. बेपत्ता माणसांच्या जुन्या-नव्या नोंदी कोणीतरी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. इथे माहितीची जोडणी हवी होती, यात शंका नाही.

पुढच्याच वर्षी सांगलीत नेमके उलटे दुखणे दिसले. नोव्हेंबर 2017मध्ये लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण पळून गेला, असे सांगली शहर पोलिसांनी सांगितले. प्रत्यक्षात तो कोठडीत मारहाणीत मेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला, असा आरोप त्याच ठाण्यातल्या पोलिसांवर ठेवला गेला. हा आरोप पाहता ठाण्यात एकोप्याची उणीव नव्हती. उणीव होती ती पोलिसांच्या शब्दावर शंका घेणाऱ्या माणसाची. प्रकरण ठाण्याबाहेर, सीआयडीकडे गेले. सीआयडीही पोलीसच, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 2005च्या दुरुस्तीने कोठडीमृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपवली. सर्वोच्च न्यायालयानेही 1995मध्ये, महाराष्ट्रातल्याच शहाणे खटल्यात, सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या प्रशासकीय ताब्यातून मोकळे करायला सांगितले होते. दोषारोपपत्रातले भोक वकिलाला दिसले, तर ते बोलून दाखवताना त्याला साहेबाची भीती वाटता कामा नये.

यंत्रणांनी एकमेकींपासून असे अंतर राखल्याने खटले रखडतात, असे म्हणतात. मला ते पटत नाही. खटला रखडतो तो साक्षीदार हजर न झाल्याने, अहवाल न आल्याने, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहिल्याने. एकाचे काम दुसऱ्याने तपासल्याने नव्हे. उलट कच्चा तपास न्यायालयात कोसळतो तेव्हा गेलेली सगळी वर्षे पाण्यात जातात, आणि फिर्यादीचे घर दुसऱ्यांदा उद्ध्वस्त होते. सरकारी वकिलाने तपास चालू असतानाच सल्ला द्यावा, पण तपासाचा हुकूम देऊ नये, आणि पोलिसांचा हुकूम घेऊही नये. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. चांगली सोय आहे. मात्र तज्ज्ञाचा अहवाल तपास अधिकाऱ्याला मिळेल त्याच दिवशी त्याची प्रत थेट न्यायालयातही पोहोचली पाहिजे.