शिजविलेल्या माशांचे पोषणमूल्य : मूल परिसरातील भातप्रधान आहाराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : मत्स्याहार, मामा तलाव, लहान मासे, प्रथिने, सूक्ष्मपोषके

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वनांसाठी जसे ओळखले जातात, तसेच ते धान व तलाव यांसाठीही ओळखले जातात. उमा नदीच्या खोऱ्यातील मूल तालुका याला अपवाद नाही. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांवरून 'मामा तलाव' हे नाव रूढ झाले. हे तलाव धानाला पाणी देतात, त्याचप्रमाणे ढीवर, भोई, केवट या समाजांना उपजीविका आणि भात खाणाऱ्या जनतेला मासळी देतात. भात आणि माशाचा रस्सा हे येथील घरोघरचे जेवण होय. या जेवणाचे पोषणमूल्य कशावर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाताची उणीव व माशाची पूर्तता :
भात मुख्यतः ऊर्जा देतो. शिजविलेल्या १०० ग्रॅम भातात प्रथिने जेमतेम २ ते ३ ग्रॅम असतात आणि त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. माशाच्या प्रथिनांत लायसिन विपुल असल्याने दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो. गोड्या पाण्यातील माशाच्या १०० ग्रॅम मांसात साधारणतः १६ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे एवढ्या मासळीतून एक तृतीयांशाहून अधिक गरज भागते. याशिवाय वनस्पतिजन्य आहारात न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व माशांतून मिळते.

रक्तक्षयाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. माशामुळे त्याच जेवणातील भाजी व डाळीमधील लोहाचे शोषणही वाढते. मात्र या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आजार आढळतो. तो आनुवंशिक असून केवळ आहाराने बरा होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

शिजविण्याचा परिणाम :
उष्णतेने माशातील प्रथिनांची घडण उलगडते व पाचकरसांचे कार्य सुकर होते. शिजताना पाणी निघून गेल्याने वजन घटते. त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅम माशात प्रथिने कच्च्यापेक्षा अधिक दिसतात. प्रत्यक्षात एकूण प्रथिने वाढलेली नसतात. कोष्टके वाचताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

दुसरा परिणाम अधिक मोलाचा आहे. कार्पवर्गीय माशांसह गोड्या पाण्यातील अनेक माशांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. पॉलिश केलेल्या तांदळात हे जीवनसत्त्व आधीच कमी असते. मासा पूर्ण शिजविल्यास हे विकर निष्क्रिय होते आणि परजीवी व रोगजंतूही मरतात. निखाऱ्यावर वरवर भाजलेला, आतून कच्चा राहिलेला मासा म्हणूनच टाळावा.

पद्धतीनुसारही फरक पडतो. ब गटातील काही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. पण रस्सा भातावर घेतला तर ती वाया जात नाहीत. खोल तेलात तळल्यास तेल शोषले जाऊन उष्मांक वाढतात. उन्हात वाळविलेल्या मासळीत प्रथिने व कॅल्शियम टिकते, परंतु अ जीवनसत्त्वाचा बहुतांश नाश होतो. याचा अर्थ, पोषणाच्या दृष्टीने घरचा साधा रस्साच सरस ठरतो.

लहान माशांचे महत्त्व :
रोहू, कतला, मृगल यांचे आपण केवळ मांस खातो व काटे टाकून देतो. बोटाएवढे मासे मात्र काट्यांसह खाल्ले जातात आणि या मऊ काट्यांतील कॅल्शियम दुधातील कॅल्शियमइतकेच शोषले जाते. 'मोला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या माशाच्या १०० ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमहून अधिक अ जीवनसत्त्व आढळले आहे; मोठ्या कार्प माशांच्या मांसात ते नगण्य असते. यातील बहुतेक भाग डोळ्यांत व पोटातील अवयवांत असतो. साफ करताना डोके काढून फेकले की लाभही फेकला जातो. बांगलादेशातील अशा माशांवरील संशोधनासाठी शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

विसंगती अशी की, मत्स्यशेतीच्या पाठ्यपुस्तकांत या माशांना 'तणमासे' म्हटले जाते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड हेक्टरी सुमारे २,५०० किलो टाकून ते नष्ट करण्याची शिफारस त्यांत असते. बाजारभावाच्या हिशेबात मोठा मासा वरचढ ठरतो. परंतु मोठा मासा बहुधा विकण्यासाठी असतो आणि लहान मासा गरिबाच्या घरी शिजतो. तो तलावातून नाहीसा झाला तर उत्पादनाचे आकडे वाढूनही घरातील ताट अधिक निकृष्ट होऊ शकते. कार्प व मोला एकाच तलावात वाढविता येतात, हेही बांगलादेशातील प्रयोगांनी दाखविले आहे.

समारोप :
माशाचे पोषणमूल्य केवळ त्याच्या वजनावर ठरत नाही. तो कोणता, त्याचा कोणता भाग खाल्ला आणि तो कसा शिजविला, यांवर ते ठरते. लहान मासे डोक्यासह, पूर्ण शिजवून, रश्श्यासह खाणे आणि त्यांतील वाटा घरातील स्त्रिया व बालके यांना आधी मिळणे, हे सर्वाधिक हितकारक होय. मामा तलावांचे मूल्यमापन सिंचनाच्या हेक्टरांत व मासळीच्या टनांत होते. ते पोषणाच्या मापानेही व्हावे. गृहअर्थशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी आपापल्या परिसरातील तलावांमधील लहान माशांची स्थानिक नावांनिशी नोंद केल्यास या कार्यास आरंभ होऊ शकेल.