तारीख पक्की, यादी कच्ची

उबुंटू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावापुढचा २४.०४ हा आकडा म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून ती ४.१०. तेव्हापासून दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती ठरलेली. २००६ साली मात्र एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये आली आणि तिचा क्रमांकही ६.०६ झाला. अनेक वर्षे दुरुस्त्या पुरवण्याचे वचन असलेली, म्हणजे ‘दीर्घकालीन’, अशी ती पहिलीच आवृत्ती. तिच्या चाचण्या आणि भाषांतरे नीट व्हावीत म्हणून सहा आठवडे मुद्दाम वाढवून घेतले होते. शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरची आखणी करणाऱ्यांसमोरचा पेच या एका प्रसंगात सापडतो: तारीख पाळायची की काम पुरे करायचे?

कंपनीत साहेब तारीख ठरवतो. मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांतले कितीतरी जण स्वयंसेवक असतात, देशोदेशी विखुरलेले. कोणी रात्री नोकरीवरून आल्यावर काम करतो, कोणाची परीक्षा जवळ आली की तो महिनाभर दिसत नाही. अशांना ‘अमक्या दिवशी द्याच’ असे सांगणार कोण? म्हणून डेबियन या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची जुनी रीत अशी, की तयार होईल तेव्हा देऊ. त्यांची ‘वुडी’ ही आवृत्ती जुलै २००२ ची, तिच्यानंतरची ‘सार्ज’ निघाली थेट जून २००५ मध्ये. नॉर्वेत २००१ साली शाळांसाठी सुरू झालेली ‘स्कोलेलिनक्स’ याच डेबियनवर उभी होती. पाया तीन वर्षे हलला नाही की वरच्या मजल्याचेही हात बांधले जातात.

या काळात, २००३ ते २००५, डेबियनचे नेते होते मार्टिन मिशेलमायर. पुढे त्यांनी केंब्रिज विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. २००७ च्या त्या प्रबंधातला युक्तिवाद मला आजही पटतो. तारीख आधी ठरवली की एकमेकांशी सतत बोलण्याची गरज कमी होते, प्रत्येकाला आपले काम कधीपर्यंत उरकायचे ते ठाऊक असते. आणि एखादी सोय वेळेत झाली नाही, तर ती अर्धीकच्ची आत कोंबण्याची घाई होत नाही. एसटी वेळेवर सुटते. चुकलेल्या प्रवाशाला पुढची गाडी कधी आहे ते माहीत असते, एवढेच पुरे.

तारीख पक्की केली की कामाची यादी कच्ची ठेवावी लागते, आणि ती टप्प्याटप्प्याने बंद करावी लागते. याला ‘फ्रीझ’ म्हणतात. आधी फीचर फ्रीझ: नवी सोय आता नाही, फक्त दुरुस्त्या. मग पडद्याच्या मांडणीचा फ्रीझ, म्हणजे मदतपुस्तिकेतली चित्रे खोटी ठरत नाहीत. मग स्ट्रिंग फ्रीझ. पडद्यावरचे एकही वाक्य यापुढे बदलायचे नाही.

हा शेवटचा टप्पा मराठी मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मूळ इंग्रजी वाक्यात कोणी शेवटच्या आठवड्यात एक शब्द बदलला, तर भाषांतराची यंत्रणा जुन्या मराठी वाक्यावर ‘संशयास्पद’ अशी खूण करते आणि ते वाक्य सहसा वापरतच नाही. मग मराठी मेनूच्या मधोमध एक इंग्रजी ओळ उगवते. चौथीतले मूल तिथे अडते. शिक्षकांना वाटते, संगणक बिघडला. बिघडलेले असते वेळापत्रक.

पण कोणाचे वेळापत्रक? ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या उपक्रमाची भारतातली पहिली शाळा रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातली, २००७ ची. त्याच साली उरुग्वेनेही तेच लॅपटॉप शाळांना देणे सुरू केले. दोन्हीकडे ‘शुगर’ हे एकच सॉफ्टवेअर. पुढे शुगरने सहा महिन्यांचा ताल धरला. मार्चमध्ये नवी आवृत्ती आली, तर उरुग्वेत त्याच महिन्यात शाळा उघडलेली असते, म्हणजे तिला उशीरच झाला. त्यांनी सप्टेंबरची आवृत्ती घेऊन डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुट्टीत बसवणे बरे. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. आपल्याला मार्चची आवृत्ती सोयीची वाटेल. पण चाचणी कधी करणार? मार्च-एप्रिल परीक्षांचे आणि मे महिन्यात संगणक कक्षाला कुलूप.

केरळने यावर शोधलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. तिथल्या शाळांची स्वतःची लिनक्स उबुंटूवर आधारलेली आहे. उबुंटू १८.०४ आली एप्रिल २०१८ मध्ये. तिच्यावर बेतलेली शाळांची आवृत्ती केरळने मे २०१९ मध्ये, शाळा उघडण्याच्या तोंडावर आणली. वर्षभर मागे राहणे हा आळस नव्हे. उबुंटू स्वतःसुद्धा जुन्या दीर्घकालीन आवृत्तीच्या वापरकर्त्यांना नवीकडे लगेच नेत नाही. साधारण ऑगस्टमध्ये पहिल्या दुरुस्त्या एकत्र करून जी उपआवृत्ती निघते, तिच्यानंतरच तो मार्ग खुला होतो. ऑगस्टमध्ये केरळातले सत्र ऐन भरात असते. तिथे दहावीला आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा याच संगणकांवर होते. सराव एका आवृत्तीवर आणि परीक्षा दुसरीवर, असे मुलांच्या वाट्याला येता कामा नये.

म्हणून शाळेची आखणी उलटीकडून करावी, दुरुस्त्या कधी थांबणार इथपासून. २४.०४ ला पाच वर्षे, म्हणजे २०२९ च्या उन्हाळ्यापर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार. शाळेने ती जून २०२५ मध्ये बसवली असेल, तर त्या वर्षीचे पाचवीतले मूल आठवी पूर्ण करेपर्यंत पडदा तोच राहील. २०२९ च्या मे महिन्यात बदल करायचा, तोही आधी वर्षभर मुरलेल्या २८.०४ कडे. त्यासाठी चाचणी २०२८ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू व्हायला हवी, आणि ती शाळेतल्या सर्वांत जुन्या, सर्वांत कमी मेमरीच्या संगणकावर, ज्या शिक्षकांना तो कक्ष सांभाळायचा आहे त्यांच्याच हातून.