बंद घरातला गॅस

भंडारदरा-राजूर भागात पावसाळ्यात दिवसेंदिवस झड लागते. ओल येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या असतात आणि आत गॅस पेटतो. अशा घरात गळती अधिक धोक्याची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात.

वास आला तर विजेचे बटण चालू करू नका आणि चालू असलेले बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. मग बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

एरवी सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी. गॅसशेजारी चूल पेटवू नये. रात्री रेग्युलेटर आठवणीने बंद करावा. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळसे पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, त्यामुळे झोपेतला माणूस जागाही होत नाही.

भाजलेच तर बांगड्या, अंगठी लगेच काढा. सूज आल्यावर त्या निघत नाहीत. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावू नका. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून दवाखाना गाठा. चेहरा भाजला असेल किंवा लहान मूल भाजले असेल, तर १०८ ला बोलवा.