खासगी छायाचित्रसंग्रह आणि मुक्तस्रोत आज्ञावली

घरगुती छायाचित्रे आल्बममध्ये वा पेटीत असत, तोवर त्यांचा धनी कोण हा प्रश्न उद्भवत नसे. पुढे ती अंकीय झाली, व्यापारी संस्थांच्या संगणकांवर ठेवली जाऊ लागली आणि त्यांच्यावर त्या संस्थांचे नियम लागू झाले. फ्लिकरने २०१८ मध्ये विनामूल्य खात्यांस एक हजार चित्रांची मर्यादा जाहीर केली. गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवणूक १ जून २०२१ पासून बंद झाली.

यावरील एक उपाय म्हणजे स्वतःच्या अथवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चित्रदालनाची मुक्तस्रोत आज्ञावली चालविणे. अशा आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व वितरित करण्याची मुभा सर्वांना असते. पिविगो हे तिचे ठळक उदाहरण होय. पिएरिक ले गाल यांनी २००२ मध्ये फ्रान्समध्ये ‘पीएचपी वेबगॅलरी’ या नावाने तिचा आरंभ केला. २००९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

अशा संग्रहाचे तीन घटक असतात. पहिला, मूळ छायाचित्रांच्या फाइली. दुसरा, त्यांवरून तयार केलेल्या लहानमोठ्या आकारांच्या प्रती. प्रेक्षकास बहुधा याच दाखविल्या जातात व त्यामुळे पान लवकर उघडते. तिसरा, डेटाबेस. शीर्षके, वर्णने, आल्बमांची मांडणी आणि कोणते चित्र कोणी पाहावे याचे नियम त्यात नोंदलेले असतात. येथे आल्बम ही पेटी नसून केवळ नोंद असते. म्हणूनच एकच चित्र, त्याची दुसरी प्रत न करता, अनेक आल्बमांत दाखविता येते.

संग्रहाच्या स्थैर्याचा विचार करताना ही विभागणी ध्यानात घेतली पाहिजे. लहानमोठ्या प्रती नष्ट झाल्या तरी पुन्हा तयार होतात. मूळ चित्रांची नक्कल ठेवण्याचे भानही सामान्यतः असते. उपेक्षा होते ती डेटाबेसची. तो गेला तर चित्रे उरतात. परंतु त्यांतील माणसे कोण व प्रसंग कोणता, हे सांगणारी नोंद उरत नाही. चित्र घेतल्याचा दिनांक कॅमेरा एक्झिफ पद्धतीने फाइलीतच नोंदवितो आणि पिविगो तो तेथून वाचू शकते. संग्राहकाने दालनात मागाहून लिहिलेले वर्णन मात्र ती आपणहून फाइलीत उतरवीत नाही.

मुक्तस्रोत असणे म्हणजे चिरस्थायी असणे नव्हे. या क्षेत्रात एकेकाळी बहुप्रचलित असलेल्या ‘गॅलरी’ या आज्ञावलीच्या मूळ चमूने २०१४ मध्ये काम थांबविले. संहिता खुली असल्यामुळे वापरकर्त्यांच्या हाती दोन मार्ग उरले : ती स्वतः दुरुस्त करीत राहणे, किंवा डेटाबेसची रचना वाचून संग्रह अन्यत्र नेणे. बंदिस्त आज्ञावलीत हे दोन्ही मार्ग सहसा उपलब्ध नसतात. तथापि ते मार्ग चोखाळण्यास कोणीतरी सिद्ध असावे लागते. दुरुस्ती थांबलेली आज्ञावली इंटरनेटवर उघडी ठेवणे धोक्याचेच असते.

यावरून असे दिसते की या पद्धतीत संग्राहकास स्वामित्वाबरोबर दायित्वही स्वीकारावे लागते. मूळ फाइली व डेटाबेस यांची नक्कल एकाच वेळी घेणे, ती अन्य ठिकाणी ठेवणे, तिच्यावरून संग्रह पुन्हा उभा राहतो की नाही हे अधूनमधून पडताळणे आणि महत्त्वाची वर्णने फाइलींतही लिहून ठेवणे, ही त्या दायित्वाची प्रमुख अंगे होत. ती सांभाळली, तर आज्ञावली बदलली तरी संग्रह अर्थासह टिकतो.